उभ्या माणसाचं माप

रायपूरला पंडरीच्या कापडबाजारात दुकानदार भैयानं पांढऱ्या सुती कापडाचा तागा गादीवर उलगडला होता आणि कात्री हातात घेऊन तो माझ्या होकाराची वाट बघत होता. तेवढ्यात काकूंचा फोन आला. काकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची, आमूची आई. त्यांना बोलूच न देता मी म्हणाले, "काकू, कापड मिळालं. हे काय, निघालेच." त्या म्हणाल्या, "घाई नको करू बेटा. हळू ये." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आमूच्या आजारपणात मला त्या घरातून जेवढे फोन आले ते सगळे "लवकर ये"चे होते. हळू ये, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे आमू गेली, हे मला कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. भैयानं विचारलं, "दीदी, काटूँ क्या?" मी मान हलवली. त्यानं कापड फाडलं, घडी घातली, पिशवीत दिलं, आणि मी ती पिशवी छातीशी धरून रस्त्यावर कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. कुठं जायचं होतं तेच आठवेना.

आता काही आठवडे उलटून गेलेत. भेटायला येणारी माणसं तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. किती सोसलं पोरीनं, किती हिंमतवान होती... मला राग येतो. सोसलं हे खरंच, पण आमू म्हणजे काही तेवढीच नव्हती. ती भांडकुदळ होती, उधळी होती, दुसऱ्याची शिलाई वाकडी दिसली की तिचा हात शिवशिवायचा. माझा कुर्ता तर तिनं एकदा भर कँटीनमध्ये खांद्यातून उसवला होता. "अवं, बाही पाह्य तुई. मोडक्या छत्रीसारखी लोंबून राहिली." तिचं नाव आम्रपाली. कॉलेजात ते कोणाला पेललं नाही, म्हणून आमू. आम्ही दोघी रायपूरच्याच, आजोबांच्या पिढीत विदर्भातून इकडे आलेल्या घरातल्या. दोघींचे बाबा रेल्वेच्या ऑफिसात. डिझाईनच्या वर्गात सगळा कारभार हिंदीत चालायचा आणि कोणाची निंदा करायची असली की आम्ही मराठीवर यायचो. निम्म्या वर्गाला मराठी छान कळतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तिला सिकलसेल होता. आमच्याकडे सिकलिंग म्हणतात. रक्ताचा जन्मापासूनचा आजार. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, फार दमणूक झाली की हाडात कळा सुरू होतात आणि मग सलाईनशिवाय गत्यंतर नसतं. हे मला कळलं ते तिला गोळी घेताना मी बघितलं म्हणून. तिनं तिथंच दम दिला, "कोणाले सांगशील तर याद राख." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, शाळेत एका बाईंना सांगितलं होतं. त्यानंतर प्रत्येक सहलीला बाकीची पोरं धावायची आणि हिला सगळ्यांच्या चपला सांभाळायला सावलीत बसवून ठेवायचे. "एकदा लोकायले कळलं का मी आमू नाही राहत. पेशंट होते." तेव्हापासून तिच्यावर नजर ठेवणं हे माझं काम झालं. वर्गात, बसमध्ये, चित्रं काढायला कुठं नेलं की तिथं. बाकीच्या मुली आऊटिंगच्या आदल्या दिवशी कपडे ठरवायच्या, मी पाण्याच्या बाटल्या भरायची.

दुसऱ्या वर्षी मॅमनी आम्हाला उरला भागात नेलं. आमच्या डिझाईनच्या मॅम बोलायला गोड आणि काम घ्यायला कडक. कारखान्यांच्या भिंतीपाशी आम्हाला उतरवून त्या म्हणाल्या, "आज सुंदर कुछ नहीं बनाना है. जो भारी है, वो बनाओ." रंग नाही, फक्त कोळसा. शिफ्ट सुटत होती, लोखंडी सळ्या लादलेले ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट. वर्ग भिंतीच्या कडेला पसरून बसला. आमूनं तिची बाटली संपवली, मग माझी. काही वेळ तिची बडबड चालू होती, ट्रक ड्रायव्हरच्या शर्टाची कॉलर कशी चुकली आहे वगैरे. मग ती गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी बिनसलेलं असायचं. बघितलं तर ओठ पांढरे, कोळसा डाव्या हातात, आणि उजव्या हातानं नडगी दाबून धरलेली. मी उठायला लागले तशी तिनं माझी ओढणी खेचली. "मॅमले नाही सांगायचं. शप्पथ घातली तुले." मॅम लांब होत्या, बस त्याहून लांब, आणि अजून निघायची काही चिन्हं नव्हती. तिचा श्वास दातांतून येत होता. सांगावं तर ही आयुष्यात तोंड बघणार नाही, न सांगावं तर इथंच काहीतरी होऊन बसेल... शेवटी मी कागद बाजूला ठेवला आणि त्या धुळीत चक्क आडवी झाले.

मग काय, मॅम धावल्या, पोरं धावली, बस जवळ आणली. मला उचलून सीटवर झोपवलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, आणि मॅमनी आमूला हुकूम सोडला, "तुम इसके पास बैठो, पानी पिलाओ." माझ्यासाठी आणलेलं सगळं पाणी आमू प्यायली. ओढणीचा बोळा दातांत धरून ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बस चालू झाली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातच बोळा काढून ती मला म्हणाली, "ॲक्टिंग भंगार होती तुई." मला हसू आलं आणि मग रडू आलं. ती घरी गेली आणि तिथून सरळ समता कॉलनीतल्या दवाखान्यात. वर्गाला कळलं फक्त एवढंच की मी नाजूक आहे. पुढं वर्षभर मॅम मला कुठंही सावलीत बसवायच्या आणि आमू सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एका खऱ्या माणसासाठी एक कपडा करायचा होता. हा वापरणारा माणूस, म्हणजे यूजर, कोण ते दाखवायचं, त्याच्याशी बोलायचं. आमूनं कुर्ता घेतला. त्याची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडायची. प्रत्येक वेळी ॲडमिट झालं की कळा लागलेल्या हातातून बाही ओढून काढावी लागते, नाही तर वर सरकवलेली बाही दंडाला आवळून बसते. ते तिनं इतकी वर्षं भोगलेलं. पण मॅमनी "यूजर कौन है?" विचारल्यावर ती बिनदिक्कत म्हणाली, "मेरी दादी." तिची आजी ती जन्मायच्या आधीच गेलेली! झालं, त्या आजीला दर आठवड्याला नवा आजार. आधी शुगर, मग मोडलेलं हाड, मग आणखी काय काय. मॅम म्हणाल्या, दादी की फोटो लाओ. आमूनं आणला नाही. मॅम म्हणाल्या, चलो, मैं ही मिल लेती हूँ दादी से. आमू ताठ उभी राहिली, कानाच्या पाळ्या लाल. "दादी गाँव गई है." मॅम काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत राहिले. शेवटी एवढंच म्हणाल्या की यूजर नसेल तर हा कपडा प्रदर्शनात लागणार नाही.

वर्गातल्या डमीला हात नसतात. त्यामुळे बाहीसाठी हात माझा. मी हात लांबवून उभी राहायची आणि ती माझ्याभोवती फिरत टाचण्या लावायची. "हालू नको, टोचन." श्वास घ्यायचीही चोरी. तिनं बाहीच्या खालच्या शिवणीतच टिचबटणं बसवली, म्हणजे बाही बंद असताना ती दिसायचीच नाहीत. मॅमनी शिलाईची तारीफ केली. आम्ही दोघी खूश. मग थंडीत तिची छाती भरली आणि ती पुन्हा दवाखान्यात गेली. जाताना हट्टानं कुर्ता घालून गेली. "चाल, यूजर टेस्टिंग करू." नर्सनं बटणं ओढली, टकटक सगळी उघडली, तोवर ठीक. पण सलाईन लावून तिला आडवं केल्यावर बाही परत बंद करायची होती. खालची शिवण हाताखाली दाबलेली, तिथवर पोचायला नर्सला तिचा तोच दुखरा हात उचलावा लागला. आणि टिचबटण लावायचं म्हणजे दाबावं लागतं... पहिल्याच बटणाला आमूच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. नर्सनं बाही गुंडाळून वर सरकवली. मला तो कुर्ता फाडून टाकावासा वाटला.

कळ ओसरल्यावर आमू हसत होती. खरंच हसत होती, चूक सापडली की हसायची तसं. "आपण किती मूर्ख आहोत वं. उभ्या माणसाचं माप घेतलं. उभ्याले सलाईन कोण लावते?" तिनं झोपल्या झोपल्या बोटानं स्वतःच्या हातावर रेघ ओढून दाखवली. उघडणं वरच्या बाजूनं. बटणं नको, नाड्या. एका ओढीत सुटल्या पाहिजेत. पंडरीतून नवं कापड आण, हे जाड आहे. मग म्हणाली, "आन मॅमले सांग, यूजर सापडली. नाव लिही माह्यं." मी म्हटलं, नक्की? "लिही ना अवं. त्या बुडीले किती दिवस बिमार ठेवू?"

काकू पायाशी बसून चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी ऐकलं. मी निघाले तेव्हा व्हरांड्यात येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. "नाव नको लिहू बेटा. धाकटीचं लग्न व्हायचं आहे. रक्तात आहे म्हटलं का लोक दारातूनच वापस जातात." त्यानंतर मी पंडरीला गेले, आणि तिथंच तो फोन आला.

बाही मी शिवली. आमच्या घरी फरशीवर आडवी झाले आणि आईनं माझ्या हाताचं माप घेतलं, आमूनं सांगितलं होतं तसं. मॅमना मी एवढंच सांगितलं की दादी नव्हती. त्यांनी पुढं विचारलं नाही. म्हणाल्या, कुर्ता लगाओ. कॉलेजला कुर्त्याशेजारी हार घातलेला फोटो आणि समई ठेवायची होती, त्यावरून मी भांडले आणि ते टळलं. पण माहितीच्या कार्डाचं काय करायचं? वर डिझायनर म्हणून आम्रपालीचं नाव, खाली यूजर, आणि पुढं रिकामी जागा. गेलेलीनं लिही म्हणून सांगितलं होतं, मागं राहिलेलीनं नको म्हणून. मी काकूंकडे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला आणि विषय निघू दिला नाही. मला दोघींचाही राग येत होता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि काकूंशी भांडायची माझी छाती नव्हती. प्रदर्शन उघडलं तरी ती जागा रिकामीच होती.

हात नसलेल्या डमीवर ती बाही नुसती लोंबत होती. लोक बघायचे, "फिटिंग लूज़ है" म्हणायचे आणि पुढं सरकायचे. दुपारी काकू धाकटीला घेऊन आल्या. कुर्त्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे उभं काहून ठेवलं?"

"काकू, सगळेच असे ठेवतात."

"हे तर झोपून घालायचं आहे ना." असं म्हणत त्यांनी स्वतःच कुर्ता डमीवरून उतरवला आणि शेजारच्या मोठ्या कटिंग टेबलावर नेऊन पसरला. पांढरा कुर्ता, दोन्ही हात बाजूला. लोक वळून बघायला लागले. सगळ्यांना काय दिसत होतं ते मला कळत होतं, कारण मलाही तेच दिसत होतं. मॅम दोन पावलं पुढं आल्या आणि थबकल्या. मी कुर्ता उचलायला हात पुढं केला, पण काकूंनी बाही नीट सरळ केली, तळव्यानं सुरकुती काढली, आणि नाडीचं टोक ओढलं. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत एका ओढीत उघडली.

गर्दीतून एका बाईनं विचारलं, "ये किसके लिए है?"

धाकटी जमिनीकडे बघत होती. मी काकूंकडे बघत होते. काकूंचा हात उघड्या बाहीवर, कोपराच्या खोलगट जागी, तसाच होता. "मेरी बेटी का है," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच, भाजी घेताना असतो तसा. "सिकलिंग था उसको. यहाँ सुई लगती थी."

माणसं हळूहळू पांगली. विचारणारी बाई मात्र तिथंच थांबली होती. जवळ येऊन, इकडे तिकडे बघून, ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "दीदी... मेरे नाप का बनेगा क्या?"

काकूंनी तिच्याकडे नीट बघितलं, मग तिचा हात हातात घेतला. मी टेप काढायला लागले तशा मला म्हणाल्या, "थांब. अगोदर नाव लिही तिचं. मग ह्यायचं माप घे."

मला पेन सापडेना. धाकटीनं पर्समधून स्वतःचं काढून माझ्यापुढं धरलं. मी कार्डावर यूजरच्या पुढं पूर्ण नाव लिहिलं, आम्रपाली. वळून बघितलं तर ती बाई चपला काढून, लाजत लाजत, भिंतीजवळच्या बाकावर आडवी होत होती.