वरची की खालची

आमच्याकडे गाड्यांच्या दोनच जाती मानतात, वरची आणि खालची. जिच्या पोटाखालून कोंबडी मान न वाकवता जाते ती वरची. जिच्यात बसताना पाटावर बसल्यासारखे गुडघे मोडावे लागतात ती खालची. आमच्या गावाचंही असंच आहे. डांबरी रस्त्याला लागून खालची आळी आणि ओहोळाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, वरचा पाडा. फक्त माणसांच्या बाबतीत हिशेब उलटा, खालचे वरचढ आणि वरचे खालचे. मी वरच्या पाड्यावरची. मला गाडी खालची हवी होती, आणि का हवी होती ते मी लपवणार नाही. मला माझ्या चुलत काकावर सूड उगवायचा होता.

काकाचं घर खालच्या आळीत सगळ्यात शेवटी. डांबरी रस्ता बरोबर त्याच्या फाटकाशी संपतो. वर पाड्यापर्यंत मंजूर झालेला रस्ता तिथेच का संपला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही, कारण रस्त्याची कामं काकाच घेतो. फाटकाच्या पुढे दगडधोंड्यांची चढण आणि मध्ये ओहोळ. ओहोळाला पौषापर्यंत पाणी असतं. पाय ओले करून पलीकडे यायचं आणि तांबड्या मातीतून चालायचं, म्हणजे रस्त्याला लागेपर्यंत घोट्यापर्यंत चिखल होणारच.

माझं लग्न मार्गशीर्षातलं. नवरीची गाडी म्हणून काकाने आपली नवी पांढरी गाडी आपण होऊन देऊ केली होती. मला पाड्यावरून खुर्चीत बसवून भावकीतल्या चौघांनी खाली आणलं, त्यामुळे माझे पाय कोरडे राहिले. आय मागून चालत आली. मी गाडीत बसले, करवली बसली, आणि आय दारातून पाय आत टाकणार तोच काकाने तिला थांबवलं. डॅशबोर्डवरचा पेपर काढून खाली पसरला. तेवढ्यावर थांबला असता तरी मी विसरले असते कदाचित. पण पेपर पसरून झाल्यावर त्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, कागुदबी भिजंल. तुमी मागं टेम्पोत बसा. वाऱ्याला बरं वाटंल."

आय वळली. मागे गेली आणि वऱ्हाडाच्या टेम्पोत दांडा धरून उभी राहिली. बाबा पुढच्या जीपमध्ये पाहुण्यांबरोबर होते, त्यांना हे कळलंच नाही. मला कळलं. मी फुलांच्या माळांमधून सगळं बघत होते. मी उतरले नाही. नवरीने गाडीतून उतरणं बरं नसतं, असं मी त्या वेळी मनाला सांगितलं, आणि पुढची नऊ वर्षं सगळा राग काकाच्या नावावर जमा करत गेले.

मी आता भातसानगरला राहते. धरणाच्या ऑफिसात कारकून आहे, नवरा शहापूरला शाळेची बस चालवतो. गेल्या दिवाळीनंतर काकाच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि काकाचा निरोप आला तो मला नाही, आयला. कारण आमची आय धवलारीण आहे. आमच्याकडे भटजी नंतर, आधी धवलारीण. हळदीच्या मांडवात ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी सांगते, बाकीच्या बायका मागे बसून झील धरतात, तेव्हा कुठे हळद लागते. डीजे कितीही मोठा आणा, धवल्याशिवाय म्हाताऱ्या बायका मांडवातून हलत नाहीत. आणि एकदा उचललेला धवला मध्ये तोडत नाहीत. तोडला तर नवरा-नवरीला बाधतो असं मानतात. आसपासच्या चार गावांत आता धवले येणारी आयच एक उरली आहे.

निरोप असा होता, "हळदीला या. फाटकापर्यंत चालत उतरा, पुढं लग्नाला जायाला आमची गाडी हाय."

आयने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्याच्या गाडीत बसायचं नाय. आपली गाडी येईल."

"आपली कंची गो?"

"घेते."

गाडी घ्यायचं आमचं दोन वर्षांपासून चाललंच होतं. नवऱ्याने कल्याणच्या बायपासला जुन्या गाड्यांच्या एका यार्डात एक गाडी बघून ठेवली होती. चारही चाकांना जोर असणारी, खोक्यासारखी, मातकट हिरवी. कोणा फार्महाउसवाल्याची होती, दारावर ओरखडे होते. नवऱ्याने तिच्या खाली आडवं पडून बघितलं, उठला आणि कपडे झटकत म्हणाला, "म्हशीवानी हाय. कुटंबी घाल." आणि तिच्या शेजारी ती दुसरी उभी होती. काळपट लाल, रुंद, जमिनीला चिकटलेली. मुंबईच्या कोणा शेठच्या मुलाने दोन वर्षं उडवून टाकून दिलेली. आत दुधाच्या सायीच्या रंगाच्या चामड्याच्या गाद्या. चालू केली की आधी घसा खाकरायची आणि मग गुरगुरायची. काकाच्या पांढऱ्या गाडीच्या बाजूला ही उभी केली, की पांढरी गाडी औषधाच्या दुकानासमोरच्या रिक्षेसारखी दिसली असती.

मी म्हटलं, "मला ही पाहिजे."

नवरा म्हणाला, "हिचा एक आरसा फुटला तर मुंबईहून आणायला लागल. किन्हवलीच्या रस्त्याला हिचं पोट ऱ्हाणार नाय."

"पोट तुमी सांभाळा. मला नाक पाहिजे."

तो हसला. बस चालवणारी माणसं लवकर चिडत नाहीत, तो त्यांच्या धंद्याचाच गुण आहे. एजंटला म्हणाला, "बाईंना एकदा माहेरी फिरवून आणा, मग बोलू." त्याच्या मनात काय होतं ते मला तेव्हा समजलं नाही.

पुढच्या रविवारी एजंट लाल गाडी घेऊन भातसानगरला आला. शहापूर सोडलं, किन्हवली मागे टाकली, मुरबाडच्या रस्त्याला लागून डोंगराकडे वळलो. मी पुढे बसले होते आणि खरं सांगते, मला फार सुख वाटत होतं. प्रत्येक गतिरोधकावर एजंट गाडी तिरकी घालायचा, तरी खाली खरवडल्याचा आवाज यायचा आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मला त्याचं काही नव्हतं. मी मनात काकाच्या फाटकातून आत शिरत होते. पेपर मी आधीच ठरवून ठेवला होता. काका जवळ येऊन गाडीला हात लावायला लागला की म्हणायचं, जरा थांबा, आधी हाताला कागद घ्या.

फाटकाशी गाडी थांबली. पुढे डांबर नव्हतं. एजंट म्हणाला, "मॅडम, इथून पुढे नाही जाणार. चेंबरच फुटेल."

मी चढणीकडे पाहिलं. ओहोळ तिथेच होता. मी त्या वाटेवर जन्मले, पायाला ती वाट पाठ, आणि गाडी निवडताना तेवढीच कशी विसरले? नऊ वर्षं मी फक्त काकाचं तोंड बघत होते. आयचे पाय त्यात कुठे आलेच नव्हते.

काका बंडीवर बाहेर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला चप्पल लावून बघितली. "झकास हाय," म्हणाला. "ऱ्हाऊ दे हितंच माझ्या फाटकात. वर कुटं नेनार तू? कदीबी ये, हितं लाव, मी ध्यान ठेवीन. आयला खाली बोलाव, येईल ती चालत. तिला सवय हाय."

तो मनापासून बोलत होता, हे जास्त वाईट. मला दिसलं की मी ही गाडी घेतली तर दर वेळी ती त्याच्याच दारात बांधली जाणार, त्याच्याच मेहेरबानीत. बैल विकत घ्यायचा आणि वैऱ्याच्या गोठ्यात बांधायचा. आणि आय पुन्हा चिखलाच्या पायांनी खाली उतरणार, या खेपेला माझ्या सायीच्या गाद्यांपाशी येऊन उभी राहणार. मग पेपर कोण पसरणार होतं?

परतीच्या वाटेत मी नवऱ्याला फोन करून एवढंच म्हटलं, "हिरवी घ्या." त्याने का म्हणून विचारलं नाही. त्यासाठी मी त्याच्यावर आठवडाभर चिडलेली होते.

म्हणजे मी शहाणी झाले असं कोणी समजू नये. हिरवी घेतली तीही सूड म्हणूनच. लाल गाडीने काका जळला असता. हिरवी गाडी त्याने न केलेल्या रस्त्यावरून, त्याच्या डोळ्यांदेखत, वर जाणार होती. मला हे जास्त आवडलं.

हळदीच्या दिवशी दुपारी नवऱ्याने गाडी फाटकाशी न थांबवता तशीच पुढे काढली. मांडव बांधणारी माणसं बघत राहिली. ओहोळात पाणी नंबरप्लेटपर्यंत आलं, मग गाडीने पुढची चाकं दगडावर टेकवली आणि निवांत वर चढली. आमच्या अंगणात आजवर चारचाकी आलेली नव्हती. आय हिरवं लुगडं नेसून तयार होती. ती दारापाशी आली, चपला काढून हातात घेतल्या आणि आत डोकावली.

"कागुद नाय का गो?" तिने विचारलं.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेही रागाचंच. मला वाटलं, त्या माणसाचं ते बोलणं हिच्या आत इतकं खोल रुतलंय, की आता ही स्वतःच कागद मागते. मी म्हटलं, "चपला घाल पायात. ही तुझी गाडी हाय." तिचा चेहरा अगदी साधा होता. चपला घालून ती पुढच्या सीटवर बसली.

काकाने अंगणात नव्या गुळगुळीत फरश्या बसवल्या होत्या आणि त्यावर रांगोळी घातलेली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "मांडवाच्या दारापर्यंत घ्या." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घेतली. फाटकापासून मांडवापर्यंत तांबड्या चिखलाचे दोन पट्टे उठले. काका धावत आला, पण बोलणार काय? धवलारणीला मांडवाच्या दारात घरच्या धन्याने पायावर पाणी घालून आत घ्यायची रीत आहे. आयने गाडीतून पाय बाहेर काढले आणि ती तशीच बसून राहिली. पाय स्वच्छ होते. काका तांब्या घेऊन वाकला, त्याच्या मानेवरची सोन्याची साखळी पुढे लोंबली, आणि त्याने तिचे पाय धुतले. मी गाडीतून, वरून बघत होते. मला वाटलं, झालं, फिटलं.

पण आयचं काही फिटलं नव्हतं.

ती मांडवात बसली. मी तिच्या मागे, झील धरायला. गणपतीचा धवला झाला, मांडवाचा झाला. मग घरच्या धन्याचा धवला उचलला. यात चार ओळी धवलारीण आपल्या पदरच्या घालते, थट्टेच्या, आणि धन्याने त्या हसून घ्यायच्या असतात. आयने डोळे मिटले.

*धन्याच्या दारी गो पांढरी गाडी*
*कागुद हाथरला गो, भिजंल गादी*

बायका खदखदल्या. त्या टेम्पोत तेव्हा यातल्या निम्म्या होत्या. काका खांबाला धरून दात दाखवत उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. धवला तोडता येत नव्हता, उठून जाता येत नव्हतं. कागदाचं तिने दुपारी दारात का विचारलं, ते मला तेव्हा कळलं. म्हातारी नऊ वर्षं ओळी जुळवत बसली होती. मी झील उचलली, सगळ्यांत मोठ्याने, दोनदा.

मग आयने पुढच्या दोन ओळी सांगितल्या. या वेळी डोळे उघडे होते.

*लेक बसली आत गो फुलांच्या खाली*
*आय तिची टेम्पोत दांडा धरून आली*

मागे कोणी हसलं नाही. बायका माझ्या सुरासाठी थांबल्या, कारण झील मीच उचलत होते. आय वळली नाही, नुसती मान किंचित तिरकी करून थांबली. धवला तोडत नाहीत. मी त्या ओळी म्हटल्या, आणि रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा म्हटल्या.