पुऱ्या गाठींचा ट्रक

लोखंडाचा कुठलाही तुकडा दिसला की ती तो दोन्ही हातांनी उचलायची, जरा खालीवर करायची आणि विचारायची, "याचं काम काय हो भाऊ?" उत्तर पटलं नाही तर तुकडा भंगारात. देवळीजवळच्या माझ्या ट्रक बांधायच्या शेडमध्ये ही सिंदी मेघे गावची इंजिनिअर पोरगी आली, तेव्हा वाटलं, आता शेडच भंगारात निघते की काय!

काम मात्र अवघड होतं. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा डिझेल ट्रक तिला विजेवर चालवून दाखवायचा होता. शेठची एकच अट, रुईची एकही गाठ कमी भरणार नाही. आणि बॅटरी एवढी जड, की गाठींची अख्खी रांग खाली ठेवावी लागे.

"बॅटरी झोळीत घालून लटकवून राह्यलो आपन. झोळीचं वजन वेगळंच!" असं म्हणून तिने बॅटरीखालचा लोखंडी सांगाडाच काढून टाकला. ॲल्युमिनियमची पेटी अशी बनवली, की चेसिसचे दोन्ही दांडे तीच धरून ठेवील.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मालकाने न सांगता एक पट्टी जास्त मारायची, त्यातच कारागिराची इज्जत. शेषराव वेल्डरने तिच्या माघारी चेसिसला चांगल्या जाड पट्ट्या ठोकल्या. आम्हाला वाटलं, आता ही भडकणार.

तिने पट्ट्यांवरून हात फिरवला. "भाऊ, तुमची माया समजते मले. पन ह्या वजनात गाठींच्या जागेवर बसल्या न!"

"आन् पेटी तुटली तं, ताई?"

"तं माझं नाव सांगजा."

शेषरावने पडल्या चेहऱ्याने पट्ट्या कापल्या. मग भरल्या गाडीचं एक चाक मुरमाच्या ढिगावर चढवलं. चेसिस पिळली, कुरकुरली. ती वाकून टॉर्चने पेटी बघत होती. एकही सांधा उकलला नाही.

धरमकाट्यावर सगळ्या गाठींसकट वजन हद्दीत बसलं. शेठने स्वतः नारळ फोडला. तिने शेषरावला केबिनमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः धुळीत उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. एवढा अभिमान मला माझ्या शेडचाही कधी वाटला नव्हता.

आता ती दूर दक्षिणेत मोठ्या कारखान्यात असते. परवा देवळीच्या स्टँडवर उभा होतो, तर तोच ट्रक पुऱ्या गाठी घेऊन आवाज न करता समोरून गेला. राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, "आमच्या पोरीनं बनवला थो."

"तुमची लेक का जी?"

"हो तं," मी म्हणालो.