व्याह्यांकडची मोठी माणसं

विद्यानगरच्या आमच्या गल्लीत एक पेन्शनर राहतात. बोलताना ते समोरच्याच्या शर्टाचं बटण धरून ठेवतात, त्यामुळे पळता येत नाही. त्यांच्या मुलीनं अमेरिकेत एका लेबनानी घरातल्या मुलाशी लग्न केलं आणि तिकडच्या तमाम लेबनानी लोकांचं कर्तृत्व यांच्या घरात जमा झालं.

"ऐका तो, सिनेटर झाले त्यांच्यातले. हार्टचे सर्जन आहेत, सिनेमावाले आहेत. आणि पणजोबा पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार कापड विकत होते, मालूम आहे?"

दूध आणायला निघालेल्या माणसाला हे सगळं उभ्यानं ऐकावं लागतं. जावई स्वतः शाळेत ड्रिल मास्तर आहे, हे मात्र आम्हाला त्यांच्या बायकोकडून कळलं.

परवा गौलीगुड्यात एका बारशाला आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. त्यांच्या थोरल्या वहिनी वरण वाढत आल्या आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय हो भाऊजी, जावई नेमके कोणातले?"

आता सिनेटर येणार, मागून सर्जन येणार, म्हणून मी मान खाली घातली.

"काय की, वहिनी," ते म्हणाले. "तिकडं आपल्या पोरीला हे कुणीच विचारलं नाही. मग मी कोणत्या तोंडानं विचारू?"

वहिनी त्यांना वरण न वाढताच पुढं गेल्या. ते कोरडा भात खात राहिले, आणि डाव्या हातानं त्यांनी माझं बटण धरलं. मी धरू दिलं.