औटकीतला न आलेला आवाज

अमरावतीत ज्यांना लोक अजून ‘खुनशी मास्तर’ म्हणतात, त्यांच्या हाताखाली मी दुय्यम शिक्षक होतो. ते खुनशी नव्हते. हे मला तेव्हाच ठाऊक होतं, आणि आता सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या वर्षांतली ही हकीकत. शाळा एका व्यापाऱ्याच्या वखारीत भरे. पलीकडे कापसाचे ढीग, अलीकडे चाळीसेक मुलं. मुलांच्या केसांत कापूस, माझ्या दौतीत कापूस. बाहेर गाड्यांची रीघ आणि हमालांचा ओरडा. त्या गलक्यात गुरुजी मुलांकडे पाठ करून, डोळे मिटून परवचा ऐकत. सगळी तोंडं एका सुरात पाढा म्हणत असताना मध्येच त्यांचा हात वर जाई. “तिसऱ्या रांगेत कोनी तरी साडेसतराले साडेअठरा म्हनलं. पयल्यापासून.” आणि तो मुलगा खरोखरच तिसऱ्या रांगेत सापडे. एकदा ते बाहेर गेले असताना मीही तसाच पाठ करून उभा राहिलो. मला नुसता गोंगाट ऐकू आला.

छडी त्यांनी कधी उचलली नाही. चुकलेल्या मुलाबरोबर स्वतः उभं राहून सगळा पाढा म्हणत. मध्ये खोकला आला, तर तेही पहिल्यापासून सुरू करत. अंधारून येई, आया दारात येऊन ताटकळत. एकदा वखारीचे मालकच म्हणाले, “मास्तर, एवढं काऊन तानता? मापात छटाकभर इकडंतिकडं चालतेच.”

“तुमच्या तराजूत चालत असन,” गुरुजी म्हणाले. “पोराच्या डोक्यात नाई चालत.”

मालक खो खो हसले.

मालकांचा मुलगा आमच्याच शाळेत होता. त्याचा आवाज नुकताच फुटला होता, आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्याला काही केल्या येईना. अशात डिपोटी साहेबांच्या तपासणीचा दिवस ठरला. शेरा चांगला पडला तर शाळा सरकारी होणार होती आणि गुरुजींची नेमणूक पक्की. मी त्या मुलाला बाजूला घेतलं. “औटकीच्या वेळी नुसते ओठ हलव,” म्हणालो.

त्या दिवशीची औटकी अशी झाली की हमालसुद्धा दाराशी येऊन उभे राहिले. साहेबांनी टाक शाईत बुडवला. गुरुजींनी डोळे उघडले.

“थांबा साहेब. एक आवाज आला नाई.”

“कोण चुकलं?”

“चुकलं कोनी नाई. आलाच नाई. जाडा आवाज हाये, रोज सगळ्याईच्या खाली असते. आज खाली पोकळ लागलं.”

चुकलेला आवाज ओळखणं मी कसंबसं समजू शकत होतो. हा माणूस न निघालेला आवाज ऐकत होता.

“मुलाचं नाव?”

“नाव कायले पायजे? त्याले आलं नाई, ते माह्या शिकवन्याचं उनं. तसंच लिहा.”

निघताना, घोड्यावर बसता बसता, साहेबांनी मला हळूच विचारलं. मी त्या मुलाकडे बोट दाखवलं. आपणही हुशार दिसावं म्हणून. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

साहेब मालकांकडे उतरले होते, तिथे ते नाव निघालं. दुसऱ्या सकाळी मालक दारात. “माह्याच छपराखाली बसून माह्याच पोराचं नाव सांगता, मास्तर?”

गुरुजींनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

“नाव शाळेतून बाहेर गेलं,” ते म्हणाले. “शाळा माही हाये.”

मालकांनी त्यांना काढलं, आणि त्याच आठवड्यात ते अकोल्याकडे निघून गेले. जागा मला मिळाली. गाडीत बसताना ते शिव्या देतील, असं मला वाटत होतं. द्याव्यात, असंही वाटत होतं. ते म्हणाले, “सात औट साडेचोवीस झालं का तो पोरगा अडते. तिथं धरा त्याले.”

मी तिथं धरलं. थोड्याच दिवसांत त्याला औटकी आली. पुढे वखार त्याच्या हाती आली, आणि जन्मभर तो चारचौघांत मला मान देत राहिला, गुरुजींना ‘खुनशी’ म्हणून शिव्या देत राहिला.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तोही आता म्हातारा झाला आहे.

“एवढी वर्सं मी त्या मानसाले शिव्या देऊन राहिलो, आन् तुमी माह्याच ओट्यावर बसून आयकून राहिले?”

“हो.”

मग त्याने विचारलं, “ते सात औटचंबी त्याईनंच सांगतलं व्हतं?”

“त्यांनीच.”

“मंग लिहून ठेवा,” तो म्हणाला. “अन् माहं नाव टाकू नका. त्याईनं नाई घेतलं.”