अकोल्याची सोयरीक आणि मुर्तिजापूरची अंडी

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या घरातून अंडी गेली. पैसा आल्यावर बायकोने ठरवलं की लेक बड्या घरी द्यायची, आणि बडी घरं सोवळी असतात. आठवड्यात कोंबड्या शेजारच्या माळणीकडे गेल्या. आमच्या यमुनेला भाकरीबरोबर अंडं लागायचंच, ती रुसून बसली. त्यातच अकोल्याच्या एका अडत्याचं स्थळ आलं. घर इतकं कडक की कांदासुद्धा चालत नाही म्हणे. मला धसकाच बसला. पोरीचं तिथे कसं व्हायचं? बायकोपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून निदान घर बघून येतो म्हणालो आणि बैलांची दमणी जुंपली.

आमच्या गावच्या राजापेठेतून बाहेर पडलं की कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा, तोंडाला उपरणं बांधा, नाहीतर दिवसभर पुढच्या गाडीची धूळ खाल. एकाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. बैलांच्या बरगड्या मात्र मोजता येत होत्या.

मुक्काम मुर्तिजापूरच्या सराईत केला. पुढच्या ओट्यावर सोवळ्यातला वरण-भात मिळतो, मागच्या अंगणात पडद्याआड रहिमतबीची चूल असते. पुढे शुकशुकाट होता, मागे बसायला जागा नव्हती. तिथली रीत अशी की कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही. मी आधी उकडलेली अंडी घेतली, तिखट-मीठ लावून. मग कांदा-मिरचीत परतलेली. मग लाल रश्शात भाकरी कुस्करली. वस्तू एकच, पण चव दर वेळी नवी, आणि गाडीत खिळखिळी झालेली हाडंही जागेवर आली. डाळ शिजायची वाट बघावी लागते, भाजी निवडत बसावं लागतं. अंडं बिचारं हाक मारताच हजर.

शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी अंगरख्यात नीट कोंबली होती. आम्ही एकाच तव्यातलं वाटून खाल्लं. बायकोने घरातून कांदाही हद्दपार केला, असं ते कळवळून सांगत होते. त्यात आता मुलासाठी परगावचं एक फार सोवळं स्थळ आलं होतं.

"थो इवाई आला का मले दिसभर पूजेत बसा लागन," होणाऱ्या व्याह्याच्या धास्तीने ते म्हणाले. मला त्यांची मनापासून दया आली. पहाटे ते माझ्याआधी निघून गेले.

अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात पोचलो. घर सारवलेलं, उदाचा वास भरलेला. व्याही पूजेत होते. थोड्या वेळाने रेशमी सोवळं नेसून, कपाळभर गंध लावून बाहेर आले. कालचेच गृहस्थ. दोघांचीही तोंडं उतरली. हा आता आपलं बिंग झाकायला सोयरीक मोडतो, असंच मला वाटलं.

विहीणबाईंनी दाराआडून विचारलं, तुमच्याकडे अंडंबिंडं तर चालत नाही ना? मी कानांना हात लावले. व्याह्यांनीही डोळे मिटून मान डोलावली. साखर वाटली गेली.

दमणीपर्यंत पोचवायला ते एकटेच आले.

"पोरगी खाते काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"जीव हाये तिचा त्याच्यात."

ते जरा वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "मंग सुनेले माहेरी न्याले-आनाले म्या सोताच येत जाईन."

येताना पुन्हा सगळी धूळ खाल्ली, पण या वेळी ती बोचली नाही. बायकोला सांगितलं, घर अगदी सोवळं आहे. ती खूश होऊन देवापुढे दिवा लावायला गेली. यमुना कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसली होती. मी म्हटलं, सासरा मायाळू आहे, वरचेवर माहेरी आणून सोडीन म्हणतो.

"माहेरी येऊन बी काय खाऊ, बाबा?" ती म्हणाली.

मी देवघराकडे एकदा बघून घेतलं. "माहेरी नाई, बाई. वाटेत."