अकरा नंबरची परीक्षा

'प्रेरणादायी' हा शब्द ऐकला की मला मळमळतं. त्याला कारण माझी मावशी.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. वॉर्डातून उतरलेल्या चादरी आधी निवडायच्या, मग धुवायच्या, मग वाफेच्या इस्त्रीखाली घालायच्या. निवडताना हाताला काय काय लागतं ते सांगत नाही; तुम्ही नुकते जेवून बसला असाल. लहानपणी तिने गाल कुरवाळला की मी मोरीत जाऊन तोंड धुवायचे. तिला ते ठाऊक होतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या बाईने नाचाच्या क्लासात नाव घातलं. कामावरून परतताना रोज खिडकीतून बघायची, एक दिवस आत गेली, एवढंच. बाकीच्या सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. त्यांच्या आयांनी नाकं मुरडली, वास येतो म्हणून तिला मागच्या रांगेत उभं करायला लावलं. मागच्या रांगेत मावशी तीन वर्षं नाचली. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या ढिगाला टेकून ताल-लयीच्या व्याख्या पाठ करायची आणि मुकादमाच्या हातात पुस्तक देऊन म्हणायची, "विचार मला." त्या बिचाऱ्याला आता लय म्हणजे काय हे झोपेतसुद्धा सांगता येतं.

तिला हवं होतं ते एवढंच: पहिली परीक्षा. बाहेरगावच्या परीक्षक बाईंसमोर नाचायचं आणि त्यांनी तोंडावर सांगायचं, येतं की येत नाही.

परीक्षेला मी सोबत गेले. मावशीचा नंबर अकरा. दहा नंबरची मुलगी नाचून बाहेर आली आणि आतून पुकारा झाला, "बारा." मावशी अर्धवट उठली होती, परत बसली. तिला वाटलं, शेवटी घेतील.

मुली संपल्या. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि क्लासवाल्या बाईंनी माइक हातात घेतला. "आज आपल्यात एक प्रेरणादायी व्यक्ती आहे." मावशीला वर बोलावलं, तिचे सोड्याने सोललेले हात धरून लोकांना दाखवले. "हे हात बघा. दिवसभर रुग्णांची घाण धुणारे हे हात कलेची पूजा करतात. अशा व्यक्तीची परीक्षा घेणारे आपण कोण?" आणि त्या हातांत प्रमाणपत्र ठेवलं.

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत ढकलणाऱ्या आयाच डोळे पुसत होत्या. एका गृहस्थांनी आपल्या लेकीला मावशीशेजारी उभं करून फोटो काढला, मावशीशी हात मिळवला आणि पाठ वळताच रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. मला त्यांना नावं ठेवायचा काय अधिकार? मीही गाल धुतलेच होते. तरी शिसारी आली ती आलीच, त्यांची आणि माझीही.

खाली येऊन मावशी म्हणाली, "माझा नंबर सुटला."

"अगं, न नाचता पास झालीस. घे आणि चल घरी." हे मीच बोलले.

निवडायच्या चादरीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं, ही कुठल्या ढिगात घालायची म्हणून. मग तडक आतल्या खोलीत गेली.

परीक्षक बाई सर्दीने बेजार होऊन चहा पीत होत्या. मावशीने प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. "अकरा नंबर. माझी परीक्षा राहिलीय."

क्लासवाल्या बाई मागोमाग धावत आल्या. "ताई, तुम्ही आमच्यासाठी परीक्षेच्या पलीकडच्या आहात हो."

"मी अलीकडचीच बरी," मावशी म्हणाली.

परीक्षक बाईंनी नाक शिंकरलं. "मला तर सांगितलं, अकरा नंबर नाचणार नाही. राहा उभ्या."

मावशी नाचली. बाहेर खुर्च्या रचण्याचा खडखडाट चालू होता. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, पण ती ओठ घट्ट मिटून मोजत होती एवढं दिसलं. तोंडी प्रश्नांची उत्तरं तर तिने प्रश्न संपायच्या आत दिली.

"डावा पाय उशिरा पडतो," परीक्षक बाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. काम काय करता?"

"इस्त्रीच्या मशीनवर असते. उजव्या पायाने पेडल दाबायचं, सगळा भार डाव्यावर. वीस वर्षं झाली."

"म्हणूनच तो उचलत नाही वेळेवर." त्यांनी कागदावर लिहिलं. "कारण खरं आहे, पण उशीर तो उशीरच. नापास."

क्लासवाल्या बाई हळहळल्या. मावशीने कागद घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "हात बरोबर होते?"

"हात चांगले आहेत."

प्रमाणपत्र तिथेच टेबलावर राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मावशी पेडल डाव्या पायाने दाबायला लागली. पहिल्याच दिवशी दोन चादरी करपल्या, मुकादम तणतणला. ती म्हणाली, "पुढच्या परीक्षेपर्यंत सहा महिने कळ काढ."

संध्याकाळी तिला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलायला गेले.

"गोड बोलू नकोस," मावशी म्हणाली. "ठेका धर आणि पाय बघ. उशीर झाला की सांग."

मी ठेका धरला. उशीर झाला. मी सांगितलं.