नर्गिसचे कंद सडले

बायको शिमग्यानंतर गेली. दहाव्याला आलेली माणसं म्हणाली, बाईनं संसाराचं सोनं केलं. तिच्या दुखण्यात यांच्यातल्या एकानंही फोन केला नव्हता. जेवली आणि गेली.

मागं राहिलो मी, पोरगा, सून आणि नर्गिसचे डबे. नर्गिस म्हणजे पांढरी फुलं, कांद्यासारख्या कंदातून येतात. पॉवरलूमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावरच्या यूपीवाल्याच्या बायकोनं हिला कंद दिले होते. थंडीत फुलायची. वास इतका उग्र की घास उतरत नसे. मी म्हणायचो, हे शेण बाहेर फेक. एका साली एक डबा मीच उकिरड्यावर टाकला. ती दोन दिवस बोलली नाही. पण आता हे तिचे डबे होते, आणि ते मरू द्यायचे नव्हते.

चैत्रात पात पिवळी पडली. सून पाणी घालीना. मी म्हटलं, सासू गेली, आता झाडंही मारतेस काय? ती म्हणाली, आता पाणी तोडायचं असतं, कंद काढून थंडीपर्यंत सुके ठेवायचे. आळशी बाईला कारण पाहिजेच. पोराला सांगितलं. तो गोदामात दिवसभर पार्सलं उचलून आलेला. म्हणाला, बाबा, फुलांवरून भांडू नका. बायकोचा बैल.

वैशाखात एक दिवस बघतो तर डब्यांत मिरचीची रोपं. कंद उपटून, त्यांची पात विणून सुनेनं माळ केली होती आणि स्वयंपाकघरात पांढऱ्या कांद्याच्या माळेशेजारी टांगली होती. वर्षश्राद्धही झालं नव्हतं आणि हिची आवराआवर सुरू. माझं डोकं फिरलं. माळ तोडली, रंगाचे दोन रिकामे डबे आणले, कंद पुरले. डब्याला खाली भोकं पाडायची असतात हे मला कोण सांगणार? रोज पाणी. पाऊस लागला तरी घालत होतो. सून दोनदा म्हणाली, सडतील. दोन्ही वेळा मी तिचा बाप काढला.

आषाढात घाण सुटली. हात घातला तर लगदा. एकेक चाचपला. एकही घट्ट नव्हता.

सून तांब्या घेऊन आली, माझ्या हातावर पाणी घालू लागली. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं तर माझा हात का न्हाय धरलास?"

"आई दर साली अशीच माळ करायच्या, बाबा. कांद्याच्या माळेत लपवायच्या. तुमच्या डोक्यावरच टांगलेली असायची."

"मला का न्हाय सांगितलं तिनं?"

"तुम्ही फेकली असती."

मी साबण मागितला. लगदा पडवीमागं पुरला. त्या दिवसापासून सुनेशी बोलत नाही. ती खोटं बोलली असती तर बोललो असतो.